एका वेळी एकच सळी

टेबलावर चार बोटं टेकवायची, तीन जागेवर ठेवायची आणि एक हळूच उचलायचं. "एका वेळी एकच," साहेब म्हणायचे. "बाकीच्यांनी हलायचं नाही. मगच कळतं, कोण किती कामाचं."

अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. बंद ठेवलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करताना तिच्यातल्या एकेका सळीची किंमत मोजायची, हे साहेबांचं काम. या सळ्या आतला जाळ दाबून धरतात. एखादी जरा वर घेतली की मीटरचा काटा चढायला लागतो. किती झपाट्यानं चढला, त्यावरून कळतं की त्या सळीनं किती दाबून धरलं होतं. मोजून झालं की सळी परत खाली. इतकं चोख काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतका खडूसही नाही.

कुणी चहाला जरा जास्त वेळ लावला की साहेब त्याला दुसऱ्या पाळीत टाकायचे आणि मागं काय अडतं ते बघायचे. तो परत आला की सगळ्यांदेखत निकाल, "तू नसताना काटा हलला नाही." एका म्हाताऱ्या फोरमनला तर त्याच्या निरोप समारंभात हेच ऐकवलं. तो बिचारा हातातला नारळ घेऊन मटकन खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही, तेच आम्हाला कळेना.

निवृत्त झाल्यावर साहेब गावी आले, मार्गासनीला. पाठोपाठ मीही निवृत्त झालो. माझंही गाव तेच, आणि घर त्यांच्या घराला लागून. म्हणजे नोकरी सुटली, साहेब काही सुटले नाहीत!

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणूस मोजणार काय? अहो, घरात चार माणसं होती की. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मुलगा, सून आणि नात.

सूनबाई पासलीची. भात काढणीला माहेरी गेली होती. परत आली तेव्हा हातातली तांदळाची पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नव्हती. "तू नव्हतीस तेव्हा चहात साखर जास्त पडली," साहेब म्हणाले. "बाकी काही अडलं नाही." पोरगी पिशवी घेऊन तशीच आत गेली. वहिनी भोरच्या दवाखान्यातून ऑपरेशन करून आल्या, त्यांनाही सोडलं नाही. "घर चाललं बरं का तुझ्यावाचून." वहिनी हसल्या. ते हसणं तुम्ही पाहिलं असतंत तर हातातला चहा घशाखाली उतरला नसता.

घरात टीव्हीचा आवाज बंद. मोठ्यानं बोलायचं नाही. फाटकाची कडी वाजली, साहेब फिरून आले, की आतलं बोलणं तिथंच तुटायचं आणि नात पायातले पैंजण काढून मुठीत धरायची.

एका दुपारी वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. साहेबांचं मला काहीतरी शिकवणं चाललं होतं. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "आमची समद्यांची किंमत मोजून झाली. तुमची कुणी मोजायची?"

साहेबांचं उचललेलं बोट तसंच राहिलं. "मोजू की," ते म्हणाले. पण माणूस घाबरला होता. आपल्यावाचून या घराचं पान हलू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तसं आहे की नाही हे आता बघावं लागणार होतं.

वेल्ह्याच्या बाजारात ओळखीच्या माणसाची माडीवरची खोली त्यांनी घेतली. घरी सांगितलं, काम आहे. मला बाजूला घेतलं. "तू मीटर. काही करायचं नाही, कुणाला बोलायचं नाही. संध्याकाळी फोनवर फक्त खरं सांगायचं."

पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो, "घर गप्प हाय साहेब."

"बघ!" आवाजात केवढा आनंद!

मग सूनबाई भांडी घासताना गाणं म्हणायला लागली. मुलगा भोरच्या नोकरीवरून लवकर घरी यायला लागला. नात पैंजण घालून जिन्यावरून धडाधड उड्या मारू लागली. वहिनींनी तर भजनाच्या बायकाच बोलावल्या. मी एकेक सांगत गेलो.

"माझं नाव निघालं का रे?"

"निघालं की. तुमची खुर्ची गच्चीवर नेली तर तिच्यावर मिरच्या वाळत घालता येतील, म्हणत हुत्या वहिनी."

खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटलं. तो फोरमन डोळ्यांपुढं आला.

साहेब म्हणाले, "म्हणजे काटा चढला."

"व्हय साहेब."

"झपाट्यानं?"

"लई."

त्याचा अर्थ मी त्यांना काय सांगणार! त्यांनीच तो मला शिकवला होता. "मोजून झालं की सळी परत आत घालतात," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा मी माझ्या ओट्यावर होतो. आत वहिनी काहीतरी सांगत होत्या आणि सगळी खिदळत होती. साहेब फाटकाबाहेर पिशवी धरून ऐकत उभे राहिले. त्यांच्याही तोंडावर जरासं हसू आलं, देवाशप्पथ. मग त्यांनी कडी उचलली.

आतलं हसू थांबलं. पैंजण एकदा खुळकन वाजले आणि तेही थांबले. कुणीतरी मुठीत घेतले असणार.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काटा वाचलास?"

"व्हय साहेब."

कडी त्यांनी आवाज न करता परत बसवली. रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहिले आणि आली त्या गाडीनं वेल्ह्याला परत गेले.

ते तिथंच राहिले. वहिनी एसटीनं डबा पाठवायच्या, डबा लख्ख धुऊन परत यायचा. "बोलवा की वहिनी," मी एकदा म्हणालो. "म्या कुठं नको म्हणतीय? दार उघडंच हाय," त्या म्हणाल्या आणि डब्याला फडकं बांधलं. पण बोलावलं नाही. गेल्या उन्हाळ्यात साहेब त्या माडीवरच वारले.

परवा त्यांच्या घरी चहाला बसलो होतो. सूनबाई कसलीशी नक्कल करत होती, वहिनींना हसून ठसका लागला होता. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. नातीचा हात पैंजणांकडं गेला.

दूधवाला होता.