हरदुलीच्या कागदावरची आडवी रेघ

नव्वदीच्या अखेरीस मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर काही विचारतील आणि मला येणार नाही, ही भीती घेऊनच मी रोज नालासोपाऱ्याहून निघायचे.

सरांनी प्रत्येकाला तालुक्यातली पाच रानझाडं वाळवून, कागदावर चिकटवून आणायला सांगितली होती. मी चांदीपला आत्याकडे गेले. चार झाडं सहज मिळाली. पाचवं म्हणून आत्याने शेतामागच्या रानात एक काटेरी झुडूप दाखवलं. बारीक पांढरी फुलं, आणि अर्धी हिरव्या टोपीत बसलेली फळं.

"हिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो आम्ही. पन आता दिसत नाय कुठं. मी तीनदा अंगनात लावली, तीनदा मेली."

"पाणी कमी पडलं असेल."

"पानी कसलं गो बाय! ती एकटी जगतच नाय. शेजारच्या झाडाचं खाते. तुझ्या आतोबांसारखी, आयतं वाढलेलं लागतं!"

ती खाली बसली आणि खुरप्याने माती हलक्या हाताने बाजूला केली. झुडपाचं बारीक मूळ शेजारच्या करवंदीच्या मुळाला जिथे भेटत होतं, तिथे एक लहानशी गाठ होती. गोचीड चिकटावी तशी. मी बघत राहिले. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण परीक्षेसाठी. आत्याने माती परत ओढली आणि तळहाताने दाबली. "बघून झालं का झाकायचं. उघडं ठेवू नये."

कॉलेजात सरांनी भिंगाखाली फूल धरलं, जाडजूड पुस्तक उघडलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "हरदुली! या भागात मला ती कधी सापडली नाही. अर्धपरजीवी आहे ही, ठाऊक आहे?"

"हो सर. करवंदीच्या मुळाला धरते. एकटी लावली तर मरते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

आत्याचं नाव अगदी ओठांवर होतं. पण भाजी करणाऱ्या आत्याकडून कळलं म्हटलं तर मुलं हसतील, असं वाटलं. कदाचित हसलीही नसती. "मी खणून पाहिलं, सर," मी म्हणाले.

कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची लिहिली. संकलक म्हणून माझं नाव. त्याखाली एक ओळ होती, माहिती कोणाकडून मिळाली त्याची. तिथे मी आडवी रेघ मारली.

विभागाचं प्रदर्शन भरलं तेव्हा आत्या मुद्दाम चांदीपहून आली, नवं लुगडं नेसून. मी तिला लांबूनच कागद दाखवून बाहेर काढणार होते, पण सर स्वतः पुढे आले आणि मला तिची ओळख करून द्यावी लागली.

"तुमच्या भाचीने कमाल केली. हे झुडूप एकटं जगत नाही, हे तिने स्वतः शोधून काढलं."

मी जमिनीकडे बघत होते. आत्या म्हणाली, "हो तर. लहानपनापासून हुशार आहे पोर."

एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आपली सरांच्या चष्म्याविषयी बोलत होती. गाडी दिसली तेव्हा तिने विचारलं, "त्या कागदावर काय काय लिवलंयस?"

"ठिकाण. तारीख. किती उंच, फूल कसं, फळ कसं."

"आनि?"

"एवढंच."

"भाजीचं नाय लिवलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. "लिव," ती म्हणाली आणि पिशवी सावरत गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी मी पेन घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि तो कागद मागितला. सरांनी कपाट उघडलं. "काही चुकलंय का?"

माझं नाव, आणि त्याखाली ती रेघ. ती खोडून वर आत्याचं नाव लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सर शेजारीच उभे होते.

"नाही सर. पान सुटलं तर नाही ना, ते बघायचं होतं."

पान घट्ट बसलं होतं. मी कागद परत दिला.