घासलेला घोडा

लिलावांचे जुने कॅटलॉग वाचायची मला खोड आहे. कोणती मूर्ती कोणाच्या संग्रहातून कोणाकडे गेली, पुन्हा कधी लिलावात आली, सगळं त्यात असतं. आमच्याकडच्या वस्तूंपुढे मात्र नुसतं ‘मध्य भारत’. गाव नाही, पहिला मालक नाही. मी चरफडायचो. आणि आपलंही नाव एकदा त्या मालकांच्या यादीत यावं म्हणून झुरायचोही.

चामोर्शीपलीकडे जंगलातल्या एका गावात एका म्हाताऱ्याकडे वीतभर पितळी घोडा होता, त्याच्या कुळाच्या देवाचा. त्याला कधी घासत नसत. पिढ्यान्‌पिढ्या तेल-हळद चढून तो काळा झाला होता. फोटो काढून परत देतो, असं सांगून मी तो चंद्रपूरला आणला. फोटो मुंबईच्या लिलाववाल्यांना धाडले, घोडा माझाच आहे असं बेधडक लिहिलं. त्यांचा माणूस बघायला येणार म्हटल्यावर माझा पाय घरात ठरेना. म्हाताऱ्याचा फोन यायचा. मी उचलायचो नाही.

नेमकी पौर्णिमा आली. आईनं घरातली पितळेची बुद्धमूर्ती चिंचेनं घासायला काढली आणि तिच्यासोबत घोडाही लखलखीत केला.

“पाहुणे येऊन राह्यले, अन् त्याले असा मयकट ठेवतं काय?” ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. मुंबईच्या माणसानं घोडा उजेडात फिरवला, “हा तर कालचा वाटतो” म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते घटकाभरच.

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढली. म्हाताऱ्यानं घोडा हातात घेतला, नाकाशी नेला.

“हा माया घोडा नाई.”

“भाऊ, तोच हाय. मायनं घासला,” मी शपथेवर सांगितलं. लिलावाचं मात्र माझ्या तोंडून निघेना. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो बराच वेळ घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला. मग आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आला.

“राहू दे इथीच,” तो म्हणाला. “काळा झाला का वळखीन मी त्याले.”

म्हातारा ऐंशीच्या पुढचा. मी तेलाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.