शपथेचं भाषांतर

प्रिय मिहिर आणि सई,

येत्या चार जुलैला तुम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक होण्याची शपथ घेणार आहात. आजीने समोर बसून ती पाहावी अशी तुमची इच्छा आहे, आणि तुमची आई माझंही तिकीट काढायला निघाली आहे. मी येणार नाही. रागावलेली नाही, तसा गैरसमज करून घेऊ नका. ती शपथ मी एकदा ऐकली आहे, एका माणसाच्या शेजारी बसून. तुम्ही त्या माणसाला कधी पाहिलं नाही. आत्ताच लिहिते, कारण शपथेनंतर लिहिलं तर तो टोमणा वाटेल.

धुळ्याच्या आमच्या शाळेत नाना कवायतीचे शिक्षक होते आणि मी इंग्रजी शिकवायची. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ते झेंड्याची घडी घालत, आत झेंडूच्या पाकळ्या भरत आणि अशी गाठ मारत की पाहुण्यांच्या एका हिसक्यात पाकळ्यांसकट झेंडा मोकळा व्हावा. त्या गाठीला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. "साहेबले फक्त दोरी वढानी," ते म्हणत, "अक्कल बठ्ठी गाठमा शे." सगळी अक्कल गाठीत. शाळेत प्रमाण मराठी बोलायचा दंडक होता. नाना तो फक्त कवायतीचे हुकूम देताना पाळत, एरवी अहिराणीच.

त्यांचा मुलगा शेखर माझा विद्यार्थी. त्याची आई लवकर गेली आणि नानांनी एकट्याने त्याला वाढवलं. अमेरिकेला जाताना तो "दोन वर्षांत येतो" म्हणाला होता. नानांनी लगेच घरावर एक मजला चढवला, त्याच्यासाठी. दोनाची बारा वर्षं झाली. कुणी विचारलंच तर तो येणारच, असं नाना छाती पुढे काढून सांगत, "यी ना तो. पोऱ्या मना शे, शेजारना नही."

मग तिकडच्या एका उन्हाळ्यात शेखरने त्यांना तीन महिन्यांसाठी नेलं. त्याच गावात माझा भाऊ राहत होता आणि मीही त्याच्याकडे गेले होते. तुम्ही तेव्हा लहान होता, नाशिकला. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याला एका कार्यक्रमात उभं राहायचं आहे, एवढंच शेखरने नानांना सांगितलं होतं. राष्ट्रीय सणाच्या दिवशी मुलाला बोलावून उभं करतात म्हणजे सत्कार, यापलीकडे धुळ्याच्या कवायत मास्तराला दुसरं काय सुचणार? मी आठ वाजता शेखरच्या घरी पोचले तेव्हा नाना इस्त्रीचे पांढरे कपडे आणि टोपी घालून, हातात नारळ घेऊन फाटकापाशी उभे होते. पहाटे पाचपासून. इथलं झेंडावंदन कधी, हेच त्यांना कळत नव्हतं.

"बाई, आठे झेंडावंदन कव्हय व्हस? सूर्य डोकावर उना, रस्तावर एक माणूस नही!"

"नाना, आठे सकायले काहीच नही ऱ्हास," शेखर म्हणाला. "लोके दुपारले आंगनमा मटन भुजतस, रातले फटाका फोडतस."

"मंग दिवाळी म्हणा ना, झेंडानं नाव कसाले लेतस?"

आम्ही हसलो. सभागृहाबाहेर गाडी लावल्यावर शेखरने मला बाजूला घेतलं. "बाई, नानांना सगळं सांगू नका. मी नंतर सांगेन."

"अजून सांगितलं नाहीस?"

"तीन आठवडे प्रयत्न करतोय. ते रोज वरच्या मजल्याचं बोलतात."

नारळ दारावरच्या माणसाने बाहेरच ठेवायला लावला. आत नाना देशादेशांच्या माणसांच्या रांगा बघत राहिले. "रांग वाकडी शे," ते पुटपुटले, "पन लोके खूश शेत." मग ती सगळी माणसं उभी राहिली. उजवे हात वर गेले. एक अधिकारी वाक्याचा तुकडा म्हणे आणि दोनशे माणसं तो पुन्हा म्हणत. त्यात शेखर होता.

"काय म्हणी ऱ्हायनात बाई?"

तीस वर्षं मी मुलांच्या भाषांतरातले गाळलेले शब्द लाल पेनाने दाखवत आले होते. मुलगा येणार नाही हे या माणसाला कळायला हवं, असंही मला त्या क्षणी वाटलं. मी सांगितलं, "आजवर ज्या देशाचा मी नागरिक होतो, त्याच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडून देतो, असं म्हणतायत."

"बठ्ठी?"

"हो नाना."

"आपला देशवरली?"

"हो."

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. "हात मातर सरळ धरेल शे," ते म्हणाले. "मीच शिकाडेल." आणि खाली बसले. टाळ्या संपल्यावर शेखर हातात छोटा झेंडा घेऊन आला. "नाना..." एवढंच म्हणाला. नाना म्हणाले, "घर चाल. ऊन लागी ऱ्हायनं." त्या सभागृहात मला शाल घ्यावी लागली होती.

धुळ्याला परतल्यावर त्यांनी वरच्या मजल्याला कुलूप घातलं. शेखर कधी येणार, असं कुणी विचारलं तर "दखू", म्हणजे बघू, एवढंच म्हणत. रस्त्यात भेटले की मला नमस्कार करत, पण इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे येणं बंद झालं. ते कागद ते औषधांच्या दुकानात वाचून घेत. एक दिवस मीच गेले आणि विचारलं, "नाना, माझं चुकलं का?"

"तुमनं काय चुकनं? जसं व्हतं तसं सांगं तुम्ही." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "पन बाई, थोडं खोटं सांगं असतं तुम्ही तरी चालतं."

पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. शेखरला आता इथे यायला परवानगीचे कागद लागत होते. ते हातात पडून तो पोचला तेव्हा पाचवा दिवस होता. अग्नी दोंडाईच्याच्या पुतण्याने दिला होता. शेखरने मला विचारलं, "त्या दिवशी हॉलमध्ये नाना काय म्हणाले?"

"तू हात सरळ धरलास म्हणाले," मी सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. इतकं शिकायला मला नानांचं आयुष्य खर्ची घालावं लागलं.

तुम्ही शपथ घ्या. तुमची आई समोर बसेल. तिला इंग्रजी येतं, तिला कुणी काही सांगायची गरज नाही. मला मात्र ते शब्द पुन्हा ऐकवणार नाहीत.

नानांचं घर विकलं गेलं. शेखर दर रविवारी मला फोन करतो आणि अहिराणीत बोलतो, कारण तिकडे त्याच्या बायकोला आणि मुलांना ती येत नाही. मलाही बोलता येत नाही, नुसती समजते. तो अर्धा तास बोलतो, मी ऐकते. तेवढं उरलं आहे.