माप म्हणून उभी केलेली माणसं

फोटोवाल्याच्या दुकानात निगेटिव्हच्या काचांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. काचा निदान फुटतात तरी. आमच्या साताऱ्याच्या स्टुडिओतले किस्से मी चहाबरोबर सांगतो आणि लोक हसतात. शेवटचा मात्र कधी सांगत नाही. आज सांगतो.

लढाईच्या दिवसांत एका रावसाहेबांना पुस्तकासाठी उघड्यावरच्या मोठमोठ्या दगडी मूर्तींचे फोटो हवे होते. पहिला वाईजवळचा नंदी, चांगला बैलगाडीएवढा. मी तो एकटाच घेतला, फ्रेम भरून. रावसाहेबांनी प्रिंट पाहिली आणि म्हणाले, "छान. टेबलावर कागद दाबायला बरा आहे." कान धरावेसे वाटले स्वतःचे!

तेव्हापासून मूर्तीशेजारी माणूस उभा करायचं ठरलं. माप म्हणून.

मेढ्याच्या वाटेवर मारुती होता. शेजारी माझा भागीदार दत्तोबा उभा केला. दत्तोबा सव्वासहा फूट. फोटो बघून तिथले पाटील म्हणाले, "गड्या, देव बुटका केलास की रं." पुढच्या खेपेला मी गावातला सगळ्यात ठेंगू माणूस शोधून आणला. मारुती डोंगराएवढा दिसला. पाटलांनी पेढे दिले, ते मी लाज सोडून खाल्ले. दत्तोबाने हात लावला नाही.

मग सांगलीकडचा दगडी हत्ती. मापाला एक पैलवान मिळाला, तो छाती काढून थेट कॅमेऱ्याकडे बघत राहिला. रावसाहेबांनी फोटो परत केला. "हत्ती कुठाय यात?" म्हणाले. त्यानंतर आमचं माप पाठमोरं उभं राहू लागलं.

शिराळ्याजवळ माळावर दोन पुरुष उंच भैरोबा आहे. रजा संपवून पलटणीत परत निघालेला एक जवान तिथं पाया पडायला आला होता, कडक इस्त्रीच्या खाकीत. "सायेब, मी हुबा ऱ्हाऊ?" म्हणाला. मिशी नीट करून उभा राहिला. मी खांदे धरून त्याला फिरवला.

"आवं, तोंड न्हाई व्हय येणार?"

"मापाला तोंड कशाला लागतंय?" असं मी म्हणालो. याच शब्दांत.

दत्तोबा म्हणाला, "एक काच त्याची समोरून काढू." लढाईमुळे काचा मिळत नव्हत्या. मी म्हणालो, "वाया नको घालवू." जवान हसला, भैरोबाकडे तोंड करून ताठ उभा राहिला. फोटो उत्तम आला. रावसाहेब खूश झाले, आणि मीही.

दीडेक वर्षाने त्या जवानाची आई स्टुडिओत आली. तो गेल्याची तार आली होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, पण साताऱ्याच्या फोटोवाल्याने आपला फोटो काढलाय, असं त्याने पत्रात मोठ्या कौतुकानं कळवलं होतं.

मी प्रिंट काढून दिली. दत्तोबा आतल्या खोलीत निघून गेला. भैरोबाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने टोपीपासून बुटांपर्यंत हळूहळू बोट फिरवलं.

"पाठ त्येचीच हाय," ती म्हणाली, आणि फोटो उलटा करून मागची बाजू पाहू लागली.