मागच्या तिघी

गाणं लागलं की लोक गाणाऱ्याकडे कान देतात. मी मागे कोण आहे ते ऐकते. ही सवय मला बाबांमुळे लागली. बाबा दिवसा इचलकरंजीच्या सूतगिरणीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात एका शाहिराच्या पथकात झीलकरी. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा गातो आणि मागचे दोघं-तिघं कानावर हात ठेवून त्याच्या ओळीचं शेपूट उचलतात, वरच्या पट्टीत 'जी जी जी' लांबवतात, ती झील. ती नसेल तर शाहिराला श्वास घ्यायलाही उसंत मिळायची नाही. पण रेडिओवर निवेदक सांगायचा, 'शाहीर अमुक अमुक आणि साथीदार.' त्या 'साथीदार'मध्ये आमचे बाबा. पोवाडा सुरू झाला की ते आम्हाला दटावून गप्प करायचे आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले बघा साथीदार!" बाबा हसायचे नाहीत. त्या शब्दाचा त्यांना शेवटपर्यंत राग होता, आणि तो त्यांनी मला न मागता देऊन ठेवला.

२००४ साली आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहायला आलो. नवऱ्याची नोकरी कोलंबसमधल्या एका विमा कंपनीत, कॉम्प्युटरची. माझ्या पासपोर्टवरचा शिक्का डिपेंडंटचा. पुण्यात बँकेत काउंटर सांभाळलेली बाई मी, इथे मला साध्या दुकानात उभं राहायचीसुद्धा परवानगी नव्हती. घरी बसून मी चिडचिडी झाले असं नवऱ्याचं मत होतं. माझ्या मते मी आधीपासूनच तशी होते, ते बघायला त्याला वेळ आत्ता मिळाला होता. फुकट काम करायला मात्र कायद्याची हरकत नव्हती, म्हणून मी गावच्या लायब्ररीत जायला लागले.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत लोकांनी देणगी म्हणून दिलेल्या सीड्या यायच्या. त्या पुसायच्या, वाजवून बघायच्या, अडकत नसतील तर कपाटात लावायच्या, असं काम. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. कृष्णवर्णीय, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या. त्यांनी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं होतं आणि माझ्याकडेही त्या गणित चुकलेल्या मुलीकडे बघावं तशा बघायच्या. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे. त्या मला 'बेबी' म्हणायच्या. दोन मुलांच्या आईला कोणी बेबी म्हणत असेल तर तिने तक्रार करू नये, असं माझं मत आहे.

एका मंगळवारी चार सीड्यांचा एक संच आला. जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजचं संकलन, अगदी सुरुवातीच्या काळातलं. हे काय असतं, मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "युद्ध संपलं, आमची माणसं दक्षिणेतून गिरण्यांमध्ये कामाला आली. चर्चमधल्या टाळ्या आणि दारूच्या गुत्त्यातला पियानो एका खोलीत राहायला लागले. त्यांना जी मुलं झाली ती ही." एवढं सांगून त्या पुन्हा सीडी पुसायला लागल्या. त्यांच्या तोंडून गुत्ता हा शब्द आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. दर रविवारी टोपी घालून चर्चला जाणारी बाई ती.

मी संच वाजवायला घेतला. पहिली काही गाणी मला सगळी सारखीच वाटली. तोच ठुमकणारा पियानो, तोच सॅक्सोफोनचा घोगरा गळा, कोणीतरी बायकोवर नाही तर मालकावर वैतागलेला. मग कान सवयीने मागे गेले आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मागे झील होती! आमच्या डफ-तुणतुण्याशी यांचं काही नातं नाही हे मला कळतं, पण पुढच्याने ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती झेलायची, हे अगदी तेच होतं. मला एकदम इतकं घरी आल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या सीडीवर एक मजेदार गाणं होतं. एक दारुडा शपथ घेतोय की मी पिणं सोडणार, आणि प्रत्येक शपथेनंतर मागे तीन मुली त्याची टर उडवत म्हणतात, 'उद्या, उद्या.' मी हसत बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. सीडी छातीशी धरून उभ्या होत्या.

"त्यात मी आहे," त्या म्हणाल्या.

मी गाणं संपू दिलं. मग मी संचाबरोबरचं पुस्तक उघडलं. दारुड्या गायकाचा फोटो होता, पियानोवाल्याचं, सॅक्सोफोनवाल्याचं, अगदी ढोलवाल्याचंही नाव होतं. मुलींच्या जागी लिहिलं होतं, 'आणि गायकवृंद.'

माझं डोकंच फिरलं. साथीदार! सातासमुद्रापार येऊनही साथीदारच! त्या संध्याकाळी मी ते संकलन काढणाऱ्या कंपनीला ईमेल लिहायला बसले. बाईंचं नाव पुढच्या आवृत्तीत आलंच पाहिजे, अन्याय, हक्क, सगळं घातलं. नवरा मागून वाचत होता.

"यार, आपली ग्रीन कार्डची केस पेंडिंग आहे, आणि तू इथल्या कंपन्यांशी पंगा घेतेस?"

"तुझ्या केसचा काय संबंध? मी वकील नाही, धमकी देत नाही, नुसतं विचारतेय."

"विचारतेस? तिसऱ्या ओळीत 'लाज वाटली पाहिजे' लिहिलंयस. ते तरी डिलीट कर. आणि त्यांना विचारलंस का, ज्यांचं नाव आहे त्यांना?"

त्यांना काय विचारायचं? नाव कोणाला नको असतं? तरी पुढच्या मंगळवारी मी ईमेलचा कागद छापून बाईंपुढे ठेवला, शाबासकी मिळेल या खात्रीने. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली आणि घडी घालून मला परत दिला.

"नाव मीच देऊ दिलं नाही, बेबी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील एका लहान गावातल्या चर्चचे धर्मोपदेशक. घरात देवाच्या गाण्याशिवाय दुसरं गाणं म्हणजे पाप. बाई शिक्षिकेचं शिक्षण घेत होत्या तेव्हा चर्चच्या गायकवृंदातल्या दोन मैत्रिणींबरोबर, सरावाला जातो असं घरी सांगून, सिनसिनाटीला गेल्या. तिथे एका गायकाला मागे तीन मुली हव्या होत्या. दिवसभर 'उद्या, उद्या' म्हणून झाल्यावर रेकॉर्ड कंपनीचा माणूस नावं विचारायला लागला. मैत्रिणी सांगणार तोच बाई म्हणाल्या, माझं लिहू नका. आणि मग लक्षात आलं की त्या दोघींची नावं आली तरी घरी कळणारच, कारण या दोघी जिथे तिथे तिसरी असायचीच. मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आमचीही नकोत.

"दोघी आता नाहीत," बाई म्हणाल्या. "एकीच्या नातवंडांना तर ठाऊकही नाही की आजी गात होती. माझ्या भीतीपायी."

बाबांचा राग मी इतकी वर्षं सांभाळला, त्यात असं काही बसतच नव्हतं. नाव चोरलेल्यांची बाजू घेऊन कुणाशीही भांडायची माझी तयारी होती. पण नाव कुणी हाताने झाकून ठेवलं असेल तर भांडायचं कोणाशी?

"आता तर कोणी रागवायला उरलं नाही ना?" मी विचारलं.

उरलं होतं. बाईंचे थोरले भाऊ. वडिलांच्या मागे तेच त्या चर्चचे उपदेशक झाले, आणि व्यासपीठावरून असल्या गाण्यांवर त्यांनी पुष्कळ कोरडे ओढले. आता ते थकले होते, डेटनला मुलाकडे राहत होते. बाई दर वेळी त्यांना सांगायचं म्हणून जायच्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायच्या. सांगण्याआधीच भाऊ गेले तर हे मनातच राहणार, याची त्यांना खरीखुरी धास्ती होती. "वर गेल्यावर त्याला हे पप्पांकडून कळेल, त्याआधी मीच त्याला सांगायला हवं," त्या हसत म्हणाल्या, पण एकच सीडी पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

त्यांनी फ्रीवेवर गाडी चालवणं सोडलं होतं. मला लायसन्स मिळून फार दिवस झाले नव्हते. मी फ्रीवेवर जायला घाबरायचे आणि त्या भावाला घाबरायच्या. एका रविवारी दुपारी अशा आम्ही दोन भित्र्या बायका लायब्ररीतून रीतसर घेतलेली सीडी, एक प्लेअर आणि डबाभर शंकरपाळी घेऊन डेटनला निघालो. वाटेत ट्रक जवळून गेला की मी गणपतीचं नाव घ्यायचे आणि बाई जीझसचं. ठरलं असं होतं की जेवण झाल्यावर त्या आधी बोलतील, मग मी बटण दाबायचं.

भाऊ खुर्चीत बसले होते, घरातसुद्धा टाय लावून. आवाज अजून खणखणीत. त्यांनी जेवणाआधी केलेल्या प्रार्थनेत माझ्या ड्रायव्हिंगचाही उल्लेख केला, म्हणजे बाईंनी फोनवर चुगली केली होती. मी शाकाहारी म्हणून त्यांच्या सुनेने माझ्यापुढे पालेभाजी सरकवली. ती डुकराच्या हाडात शिजवलेली होती हे दोन घास पोटात गेल्यावर कळलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी मुकाट्याने पाणी प्यायले, कारण समोर बाईंचा चेहरा पार उतरत चालला होता.

जेवण झालं. शंकरपाळी वाटून झाली. भावाला ती आवडली. बाई रुमालाच्या घड्या घालत बसल्या, उलगडत बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंच्या तोंडून शब्द फुटणार नाही हे मला कळून चुकलं. आज उठलो तर पुन्हा येणं होणार नाही, हेही. मी न विचारता बटण दाबलं.

पियानो ठुमकला. भावाच्या कपाळाला आठी पडली. दारुड्याने पहिली शपथ घेतली आणि मुलींनी ती उडवून लावली. भाऊ डोळे मिटून बसले. मला वाटलं, आता उठतील, आता काठी आपटतील. गाणं संपलं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. झीलकऱ्याची मुलगी म्हणून मला कानांचा मोठा गर्व, पण त्या तिघींतल्या बाई कोणत्या हे मला आजवर ओळखता आलं नव्हतं. भाऊ मात्र दुसऱ्यांदा ऐकताना मान कलती करून कशाच्या तरी मागावर होते.

"दोघी बरोबर ठोक्यावर येतात," ते म्हणाले. "तिसरी जराशी आधी येते." मग डोळे उघडून ते बहिणीकडे वळले. "चर्चमध्येसुद्धा तू अशीच आधी यायचीस. पप्पा म्हणायचे, या मुलीला धीर म्हणून नाही."

बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"पप्पांनी हे ऐकलं असतं तर?" त्यांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज शाळकरी मुलीचा झाला होता.

भावाने थोडा विचार केला. "रेकॉर्ड फोडली असती," ते म्हणाले. "आणि मग तुला विचारलं असतं, आधी का आलीस?"

बाई रडता रडता हसायला लागल्या. भाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दोघी कोण, त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. तेव्हा ते काठीवर भार देऊन उठून उभे राहिले आणि त्यांनी ती नावं उच्चारली. आधी त्या दोघींची, शेवटी बहिणीचं, एकेक, सावकाश, व्यासपीठावरून सगळ्या गावाला ऐकू जावीत अशी. मी खाली बघत होते, कारण मला माझे भरलेले डोळे कोणाला दाखवायचे नव्हते.

मग त्यांनी काठीने मला खूण केली आणि मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. दारुड्याने शपथ घेतली. बाई आता मोकळ्या गळ्याने गायल्या, आणि सवयीप्रमाणे आधीच आल्या. पुढच्या शपथेला भाऊही गायला लागले, म्हाताऱ्या पण पक्क्या आवाजात. आयुष्यभर ठोक्यावर चाललेला तो माणूस बहिणीबरोबर, जाणूनबुजून, आधी आला.