दोर धरणाऱ्या मुली

आमच्या कॉलेजचा इतिहास लिहायचं काम प्राचार्य सिस्टरांनी मला दिलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. "तू आमचीच मुलगी. मराठीत लिही, म्हणजे मुलींच्या आयांनाही वाचता येईल," त्या म्हणाल्या. मला भरून आलं, हे खरं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती मला अंधेरीच्या या नन्सच्या कॉलेजमुळे मिळाली. पण हो म्हणायचं दुसरं कारण मी सिस्टरांना सांगितलं नाही. इतिहासात नाटकांचं एक प्रकरण असणार होतं, आणि त्यात मला एका बाईंना गाठायचं होतं.

त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या आणि वार्षिक नाटक बसवायच्या. सगळ्या त्यांना मिस म्हणायच्या. मी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेतून आलेली. पहिल्याच वर्षी उतारा पाठ करून नाटकाच्या निवडीला गेले. मिसनी पहिलं वाक्यही संपू दिलं नाही. "हिचे हात मजबूत दिसतात, हिला पडदा ओढायला घ्या," असं त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला. मग कळलं, ही तिथली रीतच होती. मराठी माध्यमाच्या मुली पडद्याला. पडद्याची कप्पी बिघडलेली, दोर सोडला की पडदा मिटायचा. म्हणून नाटकभर दोघींनी दोन बाजूंना दोर धरून उभं राहायचं, शेवटी सगळ्यांचा फोटो निघेपर्यंत. त्यामुळे एकाही फोटोत आम्ही नाही. मी एक फोटो सुट्टीत गावी नेला होता. माझी आई त्यात मला बराच वेळ शोधत होती.

प्रकरणासाठी मी लायब्ररीतले जुने फोटो काढून बसले. सगळ्यात जुना निघाला तो कॉलेज सुरू झालं त्या वर्षीचा. गावठाणी पद्धतीची लुगडी नेसलेल्या मुली, मधोमध मिशा लावलेला राजा, आणि मागे कापडावर मराठीत लिहिलेलं, 'नाताळचं नाटक'. म्हणजे कॉलेजचं पहिलं नाटक मराठीत झालं होतं, आणि ते केलं होतं कॉलेजच्या मागच्या गावठाणातल्या ख्रिस्ती मुलींनी. त्या लोकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात.

चेहरे ओळखून घ्यायला मी गावठाणात गेले. लोकांनी एका म्हातारीचं घर दाखवलं. ओसरीवर बसलेल्या त्या बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मिशांवर बोट ठेवलं.

"ही मी. दुष्ट राजा. कोळशाच्या मिशा होत्या पोरी, घामानं हनुवटीवर उतरल्या."

मग बसल्या जागी त्यांनी राजाचा हुकूम म्हणून दाखवला. हात असा उगारला की पायरीवरचं मांजर पळालं. "माझ्या लेकीनं पुढं चालवलं हे सगळं," त्या म्हणाल्या. "कॉलेजात मास्तरीण होती ना. गावठाणातल्या, खेड्यातल्या पोरींना घेऊन नाटकं बसवायची. मला नाही नेलं कधी. म्हणायची, गर्दी असते, तुला झेपायचं नाही. अगो, बाहेर ये, बघ कोण आलंय."

आतून मिस आल्या.

मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर आल्या. "तू कुठल्या प्लेमध्ये होतीस गं? चेहरा आठवत नाही."

"सगळ्यांत होते, मिस. दोर धरून."

मिसनी फाटक लावून घेतलं. मी घरी आले आणि त्याच आठवड्यात प्रकरण लिहायला घेतलं. दोर धरलेल्या मुली शोधून काढल्या, कुणी नाहूरला, कुणी चेंबूरला, आता सगळ्या पोक्त बायका. बोरिवलीची एक फोनवर म्हणाली, "लिही यार, वाट लाव तिची. माझं नाव सगळ्यात वर घाल." मी लिहिलं की पहिलं नाटक मराठी होतं. पुढे त्याच गावठाणातल्या एका बाईंच्या हातात नाटक आलं, आणि त्या निवृत्त होईपर्यंत मराठी शाळेतून आलेल्या एकाही मुलीला त्यांनी स्टेजवर उभं राहू दिलं नाही. मिसचं नाव पूर्ण लिहिलं.

सिस्टरांनी ते वाचलं. "तिला लागेल हे."

"लागावं म्हणूनच लिहिलंय, सिस्टर."

"खरं आहे?"

"एकेकीला विचारलंय."

"मग राहू दे. पण माझ्याकडून शाबासकी मागू नकोस."

सिस्टरांनी तो मजकूर मिसनाही दाखवला. मिसचा मला फोन आला. "छाप. मी काही म्हणत नाही. फक्त ममाला वाचून दाखवू नकोस. तिला आता अक्षर दिसत नाही, ती स्वतः वाचणार नाही. तिला वाटतं मी तिचंच काम पुढे नेलं."

"तसं त्यांना कोणी सांगितलं?"

"मीच," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन मी दुपारी गावठाणात गेले. ती पोस्टानं पाठवता आली असती. म्हातारी खूश झाली. पानभर छापलेल्या फोटोवरून हात फिरवत म्हणाली, "आता वाच." मिस आतल्या दाराशी उभ्या होत्या. मी वाचायला लागले. राजा, मिशा, टाळ्या. तिथे थांबले असते तर चाललं असतं. मी पुढचा परिच्छेदही वाचला, मिसच्या नावासकट, एकही शब्द न गाळता.

"परत वाच," म्हातारी म्हणाली.

मी परत वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश. तिनं दाराकडे तोंड वळवलं. "अगो, हे खरं?"

"हो, ममा."

मिस आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. म्हातारीनं आपल्या कपाला हात लावला नाही. मी माझा सगळा प्याले.