डाव्या खांद्यातली गादी

कोट शिवायच्या दुकानातल्या कटिंगच्या मास्तरीणबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, स्वतःच्या पाठीवर तर मुळीच नाही. चौदाव्या वर्षी कणा जो वाकायला लागला, तो डावा खांदा दोन बोटं खाली आणूनच थांबला. पण दुकानात बावीस वर्षं त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. कामाचा कोट स्वतः बेतायचा, डाव्या खांद्यात आतून जास्तीची गादी घालायची, की झालं!

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि एक कागद पुढे केला. "बाक आहे तेवढाच आहे. पण तुमचे दिवस कसे जातात ते यात दिसत नाही. हे भरा."

दुखतं का? किती वेळ उभं राहवतं? मास्तरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा कागद मालकाच्या हाती लागला तर हातातली कात्री गेलीच, मग बसा बटणं लावत! त्यांनी सगळीकडे 'त्रास नाही' ठोकून दिलं. 'पाठीबद्दल कुणाला माहीत आहे?' यापुढे लिहिलं, 'कुणालाही नाही.'

बुधवारी सकाळी बघतात तर कटिंगचं टेबल चार बोटं उंच! पायांखाली नवे लाकडी ठोकळे. म्हणजे कुणीतरी उंच कटर येतोय तर! बाईंनी दुकानभर नजर फिरवली. इस्त्रीवाल्या दादांच्या बाहीवर लाकडाचा भुसा दिसला. तरीच मेला दिवसभर तोंड मिटून बसतो! त्या तडक समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणासाठी केलंत हे?"

"तुमच्यासाठी. दुपारनंतर कोपर टेकून कापता ना, म्हणून."

"माझी पाठ दुखते असं कोण म्हणालं?"

"पाठीचं मी कुठे काढलं?"

बाईंनी जीभ चावली. दादांनी इस्त्री उभी केली.

"दर शनिवारी सगळ्यांचे कोट माझ्याकडेच येतात, बाई. डावीकडची गादी चपटी होऊ नये म्हणून आतून हात घालून इस्त्री फिरवतो. बावीस वर्षं. मला कळणार नाही होय?"

"आणि मालक?"

"त्यांना म्हटलं, टेबल डगमगत होतं."

बाईंना आधी संताप आला, मग रडू. दोन्ही गिळून त्या कापायला लागल्या. संध्याकाळपर्यंत कोपर एकदाही टेकलं नाही.

गुरुवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून कागद परत मागून घेतला. सगळे 'त्रास नाही' खोडले, खरं काय ते लिहिलं. शेवटचं उत्तर बदलायला मात्र बराच वेळ लागला.

'एका माणसाला. बावीस वर्षांपासून.'